घर उभं ठेवणारे हात : वाए रेबो गावाकडून शिकलेल्या सात गोष्टी

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या पश्चिम भागात मांगाराई नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटर उंचीवर, जंगलाने वेढलेल्या एका खोलगट पठारावर वाए रेबो हे गाव वसलंय. मुख्य घरं सातच. सातही गोल, वर निमुळती होत गेलेली, जवळजवळ जमिनीला टेकलेल्या छपराने पूर्ण झाकलेली. स्थानिक भाषेत या घराला ‘म्बारू निआंग’ म्हणतात. घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत दगड रचून केलेली गोल वेदी आहे, तिचं नाव ‘कोम्पांग’. गावापर्यंत मोटारीचा रस्ता नाही. खालच्या डेंगे गावाच्या बाजूने येऊन, वाए लोम्बा नावाचा ओढा ओलांडून, पुढची चढण पायीच चढावी लागते.

कोकणातली जुनी लाकडी घरं दुरुस्त करणं हे माझं काम. वाशांना लागलेली वाळवी, खचलेलं आढं, पावसाळ्यापूर्वी चाळायची कौलं यांतच माझं आयुष्य गेलं. वाए रेबोची घरं मला आधी नकाशांतून ठाऊक झाली आणि मग ती प्रत्यक्ष बघायची ओढ लागली. तिथे राहून जे उमगलं ते माझ्या धंद्यातल्या तरुण मुलामुलींसाठी लिहून ठेवते आहे. घर बांधणाऱ्यांच्या पलीकडेही ते कुणाला उपयोगी पडेल असं वाटतं.

१. गावात शिरण्याआधी गावाला कळवावं

चढण संपत आली की वाटेवर एक छोटं गवती खोपटं लागतं. तिथून पहिल्यांदा सगळं गाव एका नजरेत दिसतं. खोपट्यात बांबूचं एक ठोकायचं वाद्य टांगलेलं असतं. वाटाड्या ते वाजवतो आणि खाली गावाला समजतं की पाहुणे येताहेत. तिथून उतरल्यावर पाहुण्याने आधी मुख्य घरात जायचं. गावातले वडीलधारे तिथे बसलेले असतात. ते पूर्वजांना उद्देशून प्रार्थना म्हणतात, आलेल्यांची ओळख करून देतात, त्यांना सांभाळा असं विनवतात. या विधीला ‘वाएलूऊ’ म्हणतात. तो होईपर्यंत फोटो काढायचे नाहीत, अंगणात हिंडायचं नाही, असा रिवाज आहे.

मी चटईवर बसून तो विधी ऐकला. भाषा समजत नव्हती, पण आपल्यासाठी कुणीतरी रदबदली करतंय हे कळत होतं. नंतर वाटाड्याने सांगितलं, की आता तुम्हाला परकं मानणार नाहीत. मग कॉफी आली आणि बोलणं सुरू झालं.

जुन्या घराच्या पाहणीला जाताना आम्ही मंडळी टेप, कॅमेरा, वही घेऊन थेट ओसरीवर चढतो. त्या घरात कुणीतरी जन्मलेलं असतं, कुणीतरी शेवटचा श्वास घेतलेला असतो. वाए रेबोहून आल्यापासून पहिल्या भेटीत मी मोजमाप घेत नाही. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी बसते, घराची गोष्ट ऐकते, देवापुढे हात जोडते. मोजायला मागाहून भरपूर वेळ असतो.

२. वाईट वर्षाची तरतूद घराच्या रचनेतच असावी

म्बारू निआंगची उंची साधारण पंधरा मीटर, आणि आत एकावर एक पाच मजले. सगळ्यांत खालचा ‘लुतुर’. जमिनीपासून थोडा उचललेला हा मजला राहण्याचा. पुढचा भाग सर्वांचा, बसण्याउठण्याचा आणि पाहुण्यांचा. मागच्या बाजूला एकेका कुटुंबाच्या खोल्या. एका घरात अनेक कुटुंबं नांदतात. मुख्य घरात तर मूळ पूर्वजांच्या आठ शाखांची आठ कुटुंबं एका छपराखाली राहतात. याच घरात गावाचे पवित्र ढोल आणि घंटा टांगलेल्या असतात.

वरचा ‘लोबो’ म्हणजे रोजचं धान्य आणि सामानसुमान ठेवायचा माळा. तिसरा ‘लेंतार’. इथे पुढच्या पेरणीचं बियाणं राहतं. चौथा ‘लेम्पा राए’. पीक बुडालं, पाऊस रुसला, तर उपयोगी पडावा असा साठा इथे असतो. आणि सर्वांत वर, शेंड्याखाली, ‘हेकांग कोडे’. तिथे पूर्वजांसाठी नैवेद्य ठेवतात.

या उभ्या रचनेपुढे मी बराच वेळ मान वर करून उभी होते. आज खायचं ते हाताशी. पुढच्या वर्षी पेरायचं ते एक मजला वर. संकटाचं त्याहून वर. हात सहज पोचू नये अशाच जागी जपून ठेवायचं ते ठेवलंय. ज्यांनी आपल्याला हे सगळं दिलं ते सगळ्यांच्या वर. कुटुंबाचं अर्थकारण, शेती आणि श्रद्धा या तिन्ही गोष्टी एका सुतारकामात बसवलेल्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत.

खाली चूल पेटते आणि धूर वर चढत सगळ्या मजल्यांतून जातो. शहरातून आलेल्या माणसाचे डोळे झोंबतात. पण तोच धूर लाकडाला, बांबूला आणि छपराला कीड लागू देत नाही, बियाणं कोरडं ठेवतो. चूल विझली की या घराचं आयुष्य घटू लागतं. ही गोष्ट कोकणातल्या बंद घरांत मी वारंवार पाहते. माणसं मुंबईला गेली, चूल थंड झाली, की चार पावसाळ्यांत वाळवी आढ्यापर्यंत पोचते. लाकडी घराची सर्वांत मोठी निगा म्हणजे त्यात कुणीतरी राहणं.

३. छप्पर जुनं होणारच. छप्पर घालणारे टिकले पाहिजेत

सगळ्या शिकवणीचं मूळ मला इथे सापडलं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

या घराला एकही खिळा नाही. खांब, तुळया एकमेकींत खाचेने बसवलेल्या आणि वेताने बांधलेल्या. वाशांच्या जागी बांबू. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर काटक्यांच्या जुड्या वाकवून केलेली गोल कडी आहे. त्या कड्यांनी सगळे बांबू आवळून धरलेले असतात, त्यामुळे वाऱ्याचा आणि भूकंपाचा धक्का घर लवचीकपणे सोसतं. वरून गवताचं आणि ताडाच्या जातीच्या झाडाच्या काळ्या तंतूंचं जाड छप्पर. यातली प्रत्येक वस्तू नाशवंत आहे. गवत कुजतं, वेत सैल होतो, बांबू पिचतो. म्हणजे हे घर अधूनमधून उतरवून पुन्हा घालावंच लागतं, आणि तसं घालता येणारी माणसं प्रत्येक पिढीत लागतात.

विसाव्या शतकात मांगाराईतल्या बहुतेक गावांनी गोल घरं सोडली आणि चौकोनी, पत्र्याच्या छपराची घरं बांधली. त्यात त्यांना दोष देता येत नाही. पत्रा स्वस्त, टिकाऊ आणि लवकर चढणारा. वाए रेबो वाट अवघड असल्यामुळे उरलं, पण तेही झिजत होतं. २००८ मध्ये जकार्ताचे वास्तुरचनाकार योरी अंतार मित्रांसह तिथे पोचले तेव्हा सातांपैकी चारच घरं उभी होती, आणि त्यांतलीही काही मोडकळीला आलेली. घर बांधण्याचं ज्ञान म्हाताऱ्या माणसांच्या हातांत होतं. बऱ्याच तरुणांनी अख्खं घर उभं राहताना पाहिलेलंच नव्हतं.

पुढे जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. अंतार आणि त्यांच्या सोबत्यांनी पैसा उभा केला, वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना नोंदी करायला आणलं, पण घर बांधायला बाहेरचे कारागीर आणले नाहीत. गावकऱ्यांनीच जुनं घर उतरवलं, प्रत्येक भाग पाहिला, मोजला, त्याचं नाव म्हाताऱ्यांकडून ऐकलं, आणि पुन्हा बांधलं. बांधता बांधता तरुण शिकले. काही वर्षांत सातही घरं पुन्हा उभी राहिली. २०१२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाला सर्वोच्च श्रेणीचा पुरस्कार मिळाला आणि २०१३ च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीतही त्याचं नाव होतं.

गावातल्या एका मध्यमवयीन माणसाने मला छपराच्या आतली वेताची गाठ बांधून दाखवली. त्याच्या शेजारी दहा-बारा वर्षांचा मुलगा बसून तीच गाठ आपल्या बोटांनी घालून बघत होता. बापाने ती सोडली, मुलाने पुन्हा घातली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

माझ्या आजोळी पावसाळ्यापूर्वी शाकारणी व्हायची. वाडीतली माणसं एकेका घरावर चढायची. केंबळी घराचं जुनं गवत खाली उतरायचं, नवं चढायचं, आणि त्या दिवशी त्या घरचं जेवण सगळ्यांना असायचं. कौलं आली, मग पत्रा आला, मग स्लॅब आला. शाकारणी गेली तेव्हा घराचं छप्पर बदललं एवढंच आम्हाला जाणवलं. तिच्याबरोबर कुणाच्या घरासाठी कोण वर चढणार याचा हिशेबही मिटला. वाए रेबोत तो अजून जिवंत आहे.

४. खांब जंगलातून येतो, त्याला मान द्यावा

मांगाराईत नवं ढोलघर, म्हणजे पवित्र ढोल ठेवायचं मुख्य घर, बांधायचं तर मधला मुख्य खांब जंगलातून आणण्याचा मोठा सोहळा असतो. त्याला ‘रोको मोलास पोचो’ म्हणतात. डोंगरातल्या त्या झाडाला नवरीचा मान देतात. आधी विधी करून, परवानगी मागून ते तोडतात, मिरवत गावात आणतात, आणि गावाच्या वेशीवर त्याचं स्वागत सून घरात घेतात तसं होतं.

मी साईटवर लाकूड घनफुटांत मोजत आले. लाकडाच्या वखारीत पावती फाडली की संबंध संपला. पण ज्या समाजात खांब म्हणजे घरात आलेली नवरी, तिथे माणूस गरजेपेक्षा जास्त झाडं कशी तोडेल? वाए रेबोच्या भोवतीचं जंगल आजही दाट आहे. पाणी, लाकूड, वेत सगळं त्याच जंगलातून येतं. गाव टिकवायचं तर जंगल टिकवावं लागतं ही गोष्ट तिथे कुणी फलकावर लिहिलेली नाही. ती लग्नाच्या रीतीसारखी अंगवळणी पडलेली आहे.

आता आमच्याकडे जुन्या घरासाठी नवा सागवान आणण्याऐवजी मी आधी पडलेल्या घरांचे जुने वासे शोधते. आणि नवं झाड तोडावंच लागलं तर मालकाला त्या जागी रोपं लावायला सांगते. ही अट मी करारात लिहून घेते.

५. वाटणी मध्यापासून सुरू करावी

वाए रेबोला जाताना किंवा येताना रुतेंग शहराजवळचं चान्चार जरूर पाहावं. टेकडीवरून खाली कोळ्याच्या जाळ्यासारखी भातशेतं पसरलेली दिसतात. हे जाळं शोभेसाठी नाही. ती जमिनीच्या वाटणीची रीत आहे. सामाईक जमिनीच्या मध्यभागी एक खुंटा रोवतात. त्या मध्याला ‘लोदोक’ म्हणतात. गावाचा जमीन वाटणारा प्रमुख, ‘तुआ तेनो’, मध्याजवळ बोटांच्या मापाने प्रत्येक कुटुंबाचा हिस्सा ठरवतो. तिथून सरळ रेषा बाहेर कडेपर्यंत जाते. मध्याशी एक-दोन बोटांचा फरक कडेला मोठा होत जातो, त्यामुळे कुटुंबाचा मान आणि गरज दोन्ही त्यात बसवता येतात. पण प्रत्येकाचं शेत त्याच एका खुंट्याला येऊन मिळतं.

अशी प्रत्येक सामाईक जमीन कुठल्या ना कुठल्या ढोलघराशी जोडलेली असते. आत ढोल, बाहेर शेत. एकाविना दुसरं पुरं होत नाही. घराचा गोल आणि शेताचा गोल एकाच विचाराचे आहेत हे मला त्या टेकडीवर उभं राहिल्यावर समजलं.

आपल्याकडे भावाभावांत वाटणी होते तेव्हा मोजणीदार कडेपासून साखळी लावतो आणि भांडण बांधावर येतं. माझ्याकडे येणारी निम्मी जुनी घरं सामाईक मालकीमुळे पडायला आलेली असतात. एक भाऊ पुण्यात, एक परदेशात, एक गावात. सही कुणाचीच मिळत नाही. अशा वेळी मी सगळ्यांना माजघरात बसवते आणि प्रथम विचारते, की यातलं सगळ्यांचं सामाईक काय राहणार? देवघर, विहीर, माजघर की अंगण? ते ठरलं की बाकीची वाटणी बरीच सोपी होते.

६. गावाला खाली एक दार लागतं

वाए रेबोचं कौतुक करताना तिथल्या कष्टांवर पांघरूण घालू नये. तांदूळ, मीठ, तेल, साखर, साबण सगळं खालून पाठीवरून वर चढतं. गावात कॉफी पिकते आणि विकायची असेल तर तीच वाट उतरावी लागते. बायका कॉफी वाळवतात, कुटतात, भाजतात, काळ्या सुतावर रंगीत नक्षी काढत कापड विणतात, आणि ओझीही वाहतात. मी गेले तेव्हा रात्री काही तास जनरेटर चालायचा आणि मग अंधार. आजारी माणसाला खाली न्यायचं तर झोळीत घालून न्यावं लागतं.

शाळा खाली आहे. म्हणून खालच्या बाजूला कोम्बो नावाची वाए रेबोच्याच लोकांची दुसरी वस्ती आहे. बऱ्याच कुटुंबांची माणसं दोन्हीकडे असतात. मुलं शिकायला खाली राहतात, सुटीत वर येतात. मोठी माणसं शेती आणि विधींसाठी वर-खाली करतात. वरचं गाव टिकलंय ते खालच्या वस्तीच्या आधारावर.

मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटली. मुलांना शाळेपासून तोडून परंपरा राखणं अन्यायाचं झालं असतं, आणि सगळं गाव खाली हलवलं असतं तर घरं राहिली नसती. आपल्याकडे गाव सोडलं की कायमचं सोडलं अशी भाषा असते. मुंबईत खोली आणि गावी घर ही जुनी कोकणी रीत त्या मानाने वाए रेबोच्या बरीच जवळची आहे. गणपतीला, शिमग्याला उघडणारं घर वर्षातून आणखी काही वेळा उघडलं, तर ते वाचतं. मी घरमालकांना आता हेच सांगते: रंग पुढच्या वर्षी काढा, पण या वर्षी चार वेळा येऊन राहा आणि चूल पेटवा.

पाहुण्यांच्या पैशाबद्दलही इथेच सांगते. तिथे पर्यटनाचं काम गावकऱ्यांची स्वतःची संस्था पाहते. पाहुणे ठरलेल्या घरात सगळे एकत्र झोपतात, एकत्र जेवतात, आणि मोबदला संस्थेकडे जातो. एखाद्या श्रीमंताने वेगळं हॉटेल काढलं असतं, तर त्या पैशाने सात घरांतलं नातं आधी मोडलं असतं.

७. वर्षातून एकदा सगळ्यांनी जमावं

नोव्हेंबरात तिथे ‘पेंती’ नावाचा सण होतो. पीक हाती आल्याचे आभार आणि नव्या शेतीवर्षाची सुरुवात, दोन्ही एकत्र. गावकरी मिरवणुकीने पाण्याच्या झऱ्यापाशी जातात, शेताच्या मध्याशी जातात, अंगणातल्या वेदीपाशी येतात, आणि प्रत्येक ठिकाणच्या रक्षकांना सणाचं आमंत्रण देतात. बाहेर गेलेली माणसं घरी येतात. अंगणात ‘चाची’ होते. ढोल-घंटांच्या तालावर दोन पुरुष समोरासमोर येतात. एकाच्या हातात चाबूक, दुसऱ्याच्या हातात म्हशीच्या कातड्याची ढाल. मग पाळी बदलते. फटका लागला तरी राग धरायचा नाही, हा नियम.

मांगाराईतले लोक बहुसंख्य कॅथलिक आहेत. क्रूसही आहे आणि पूर्वजांची वेदीही आहे. दोन्हींपुढे नतमस्तक होणाऱ्या माणसांना त्यात विसंगती वाटत नाही. पेंतीत वर्षभरातले रुसवे मिटवायचे असतात, कारण पुढच्या वर्षी कुणाच्या तरी छपरावर सगळ्यांना एकत्र चढायचं असतं. वेताची गाठ शिकवता येते, पण ती बांधायला शेजारी वर येईल याची हमी अशा सणांतूनच मिळते.

माझ्या धंद्यातल्या तरुणांना म्हणून तीन गोष्टी कळकळीने सांगते. जुन्या घराची दुरुस्ती हाती घ्याल तेव्हा सुताराबरोबर त्याच गावातला एक शिकाऊ मुलगा किंवा मुलगी लावा आणि त्याचा पगार अंदाजपत्रकात वेगळा दाखवा. जो भाग उघडाल त्याचं चित्र काढा, आणि त्याला गावात काय म्हणतात ते त्याखाली लिहा. काम संपल्यावर पुढच्या दुरुस्तीचं वर्ष घरमालकासमोर ठरवा आणि त्या वर्षी कोण हात लावणार त्यांची नावंही लिहून घ्या. ती नावं लिहिता येत नसतील, तर आपण घराला फक्त थोडी मुदतवाढ दिली आहे. ती लिहिता आली, तर ते घर आणखी एका पिढीच्या हाती सुखरूप गेलं असं समजा.